करंट गेला, पण परत कुठून येणार?

जुन्या ट्रकचं वायरिंग नवं करून झालं की चाचणीचा क्रम ठरलेला असतो. हेडलाइट लागतात, इंडिकेटर लुकलुकतात, हॉर्न वाजतो, सेल्फ मारला की इंजिन उठतं. सगळे खूश. मग कुणीतरी डॅशबोर्डवरची ब्लोअरची मूठ फिरवतं आणि काहीच होत नाही. किंवा आत मोटर नुसती गुणगुणते. किंवा हवा येते, पण कागदाचा कपटाही हलत नाही इतकी. किंवा फ्यूज उडतो, नवा घातला की तोही उडतो.

ब्लोअरच का अडतो, याचं कारण साधं आहे. सेल्फ प्रचंड करंट ओढतो, पण दोन-चार सेकंदच. हॉर्नही क्षणभराचा. इंडिकेटरचा बल्ब 21 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टला दोन अँपिअरही नाही. ब्लोअरची मोटर मात्र पूर्ण गतीला सहज 10 ते 15 अँपिअर घेते आणि तासन्‌तास घेते. वायरिंगमध्ये कुठे बारीक तार वापरली असेल, लग नीट दाबला नसेल, रंगावरच अर्थ घट्ट केला असेल, तर बल्ब ते पोटात घालतो आणि मंद का होईना पेटतो. मोटर पोटात घालत नाही.

आता कुणी विचारेल, सोलापूर जिल्ह्यात ट्रकला हीटर हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. मैंदर्गीचंच उदाहरण घ्या. हे अक्कलकोट तालुक्यातलं गाव, अक्कलकोटहून दुधनीला जाणाऱ्या रस्त्यावरचं, कर्नाटकाच्या सीमेला लागून. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि केबिनमध्ये इंजिनची धग वेगळी. हीटर लावून बसा म्हटलं तर ड्रायव्हर खाली उतरून चालू लागेल. पण ब्लोअर फक्त ऊब देण्यासाठी नसतो. पावसाळ्यात केबिनमध्ये दोघं-तिघं बसले, काचा वर केल्या, की श्वासाची वाफ समोरच्या काचेवर बसते. कांद्याचा नाहीतर द्राक्षांचा माल भरून गाडी ऐन जानेवारीत उत्तरेला निघाली, तर तिकडच्या धुक्यात रात्रभर फडक्याने काच पुसत बसावं लागतं. काचेवर कोमट, कोरडी हवा सोडली की काच दवबिंदूच्या तापमानाच्या वर जाते आणि वाफ तिथे ठरत नाही. आणि उन्हाळ्यात हीटरचा कॉक बंद ठेवला की तोच ब्लोअर बाहेरची साधी हवा आत ढकलतो. केंद्र सरकारने 1 ऑक्टोबर 2025पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची केली आहे. त्या आधीच्या लाखो गाड्यांमध्ये ड्रायव्हरला वारा मिळतो तो खिडकीतून, डॅशबोर्डवर चिकटवलेल्या छोट्या पंख्यातून, नाहीतर या ब्लोअरमधून.

हीटरची रचना पाहून घेऊ. इंजिन थंड ठेवणारं पाणी गरम झालं की त्यातला थोडा भाग रबरी नळीने केबिनच्या बाजूला येतो आणि छोट्या रेडिएटरमधून फिरून परत जातो. या छोट्या रेडिएटरवर हवा फेकणारा पिंजऱ्यासारखा गोल पंखा म्हणजे ब्लोअर. पाण्याचं काम पाण्याचं, विजेचं काम विजेचं. म्हणून हवा येतेय पण गरम येत नाही, ही तक्रार असेल तर वायरिंगकडे वळूच नका. कॉक, नळी आणि थर्मोस्टॅट पाहा. आपली तक्रार हवेचीच आहे.

विजेची वाट अशी असते: बॅटरीचा प्लस, तिथून चावीचा स्विच किंवा चावीने चालणारा रिले, मग फ्यूज, मग तीन गतींचा स्विच, मग रेझिस्टर, मग मोटर, आणि मोटरमधून केबिनचा पत्रा, चासी, अर्थची पट्टी, बॅटरीचा मायनस. या मालिकेतला निम्मा भाग वायरिंग करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो, कारण तिथे रंगीत वायरी असतात. उरलेला निम्मा, म्हणजे परतीचा, पत्र्यातून जातो, आणि पत्र्याला कुणी वायर समजत नाही. नव्या वायरिंगनंतरचे दोष या परतीच्या निम्म्यात जास्त सापडतात, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला कारण रंगकामाचं आहे. पण त्याआधी गाडीचं कुळ पाहायला हवं.

आपल्याकडच्या जुन्या ट्रकांची कुळं वेगवेगळी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि फार्गो बाहेर पडू लागल्या. ते कुळ अमेरिकन. टाटांनी 1954मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला आणि 1969पर्यंत जमशेदपूरच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा होता; ते जर्मन. मद्रासच्या अशोक मोटर्सची 1955मध्ये अशोक लेलँड झाली, ते ब्रिटिश. हा इतिहास कौतुकासाठी सांगत नाही. क्रायस्लरच्या गाड्या 1950च्या दशकाच्या मध्यापर्यंत 6 व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा प्लस चासीला जोडलेला. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्याही पॉझिटिव्ह अर्थच्याच. नवं वायरिंग करताना लोक डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवतात आणि गाडी 12 व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ करून टाकतात. बल्बांना प्लस-मायनसशी देणंघेणं नसतं. मोटरला असतं, ते पुढे येईलच.

तपकिरी वायरीचं तर वेगळंच त्रांगडं. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थ. ब्रिटिश लुकास पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीहून थेट, फ्यूजशिवाय आलेला प्लस. तिथे अर्थ काळी. त्यात तीस-चाळीस वर्षांत प्रत्येक वायरमनने हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली. त्यामुळे जुनी वायर दिसली की रंगावर विश्वास ठेवायचा नाही, टेस्ट लॅम्प लावून बघायचं. जर्मन वळणाच्या गाड्यांत रिले आणि स्विचवरचे आकडे मात्र भरवशाचे: 30 म्हणजे बॅटरीचा प्लस, 15 म्हणजे चावी फिरवल्यावरचा प्लस, 31 म्हणजे अर्थ. आजचा बाजारात मिळणारा कोणताही साधा रिले याच आकड्यांवर चालतो. 85 आणि 86 कॉइलचे, 30वर आत, 87मधून बाहेर. पाच पायांच्या रिलेत मधला 87ए असतो, तो रिले बंद असताना जोडलेला राहतो. चावी काढली तरी ब्लोअर फिरतो आणि चावी लावली की थांबतो, असं उफराटं काही दिसलं तर बहुतेक मोटरची वायर 87ऐवजी 87एवर बसलेली असते.

आता कामाला लागू. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीची अर्थची बाजू आधी सोडायची आणि शेवटी लावायची. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत मायनस आधी सोडला की प्लस सोडताना पान्हा पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. उलटं केलं तर पान्हा तिथेच चिकटतो, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीवर हायड्रोजन असतो हेही ध्यानात हवं.

पहिलं काम विजेचं नाहीच. हाताने पंखा फिरवून बघा. गाडी महिनोन्‌महिने घराच्या मागे, गोठ्याशेजारी उभी असेल, तर ब्लोअरच्या पिंजऱ्यात उंदराने घर केलेलं असू शकतं. ज्वारीचं काड, गोणपाटाचे धागे, सुताची गुंडी, सगळं व्यवस्थित कोंबलेलं. मालदांडी ज्वारीच्या मळणीची धूळ आणि मोटरच्या बुशातलं वाळलेलं तेल एकत्र झालं की ते मेणासारखं घट्ट होतं. पंखा हाताने सहज फिरून स्वतःच्या जोराने दोन-तीन वेढे पुढे गेला पाहिजे. अडखळत असेल तर आधी तेच दुरुस्त करा. अडलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तुम्ही त्याचा दोष वायरिंगवर ढकलता.

दुसरं काम एका फटक्यात निम्मा संशय मिटवतं. मोटरचा कपलर सोडा. पूर्ण सोडा, नाहीतर तुम्ही दिलेला करंट उलट्या वाटेने हार्नेसमध्ये शिरेल आणि भलतंच काहीतरी चालू होईल. मग बॅटरीवरून दोन जाड वायरी थेट मोटरला लावा. प्लसच्या वायरीत 20 अँपिअरचा फ्यूज असू द्या. मोटर झपाट्याने फिरली तर मोटर निर्दोष, दोष वायरिंगचा. नाही फिरली तर मोटर उघडायची, वायरिंगला हात लावायचा नाही. हे न करता लोक थेट डॅशबोर्ड उकलायला घेतात. का, ते मला आजवर उमगलेलं नाही.

समजा मोटर थेट बॅटरीवर फिरते आणि गाडीत फिरत नाही. आता मल्टिमीटर हातात घ्यायचा, आणि इथेच फसगत होते. कपलर सोडलेला, मीटरची लाल पिन वायरीच्या टोकाला, काळी पत्र्याला, आणि मीटर दाखवतो 12.4 व्होल्ट. वायरमन म्हणतो, करंट येतोय, मोटर खराब आहे. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच तार उरली असेल तरी तो 12.4च दाखवणार. ठिबकच्या लाइनीचा शेवटचा कॉक बंद ठेवून दाब पाहिला तर फिल्टर तुंबलेला असला तरी काटा पूर्ण वर जातो. कॉक उघडला की खरं काय ते कळतं. तसंच हे. वायरिंग मोजायचं ते लोड चालू असताना.

म्हणून कपलर परत लावा, स्विच पूर्ण गतीवर ठेवा आणि मीटरच्या पिना कपलरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून, मोटरच्या दोन्ही टोकांना टेकवा. मग तीन मापं घ्या. एक, मोटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज. दोन, बॅटरीचा प्लस आणि मोटरचं प्लसचं टोक यांच्यातलं. तीन, मोटरचं अर्थचं टोक आणि बॅटरीचा मायनस यांच्यातलं. उदाहरणार्थ बॅटरीवर 12.4 आहे. मोटरवर मिळाले 8.1, प्लसच्या वाटेत 0.4, अर्थच्या वाटेत 3.9. तिन्हींची बेरीज बरोबर 12.4. बॅटरीतून निघालेला प्रत्येक व्होल्ट कुठेतरी खर्च होतोच, आणि तो कुठे झाला हे ही तीन मापं सांगतात. इथे 3.9 व्होल्ट परतीच्या वाटेत जळताहेत. कोणत्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तूट दिसली की त्या बाजूने चालत जायचं, एकेक जोड मागे टाकत. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी मारतो तो जोड दोषी.

मीटर नसेल तर हेडलाइटचा जुना बल्ब घ्या, एक फिलामेंट शाबूत असला तरी चालेल. त्याला दोन हातभर वायरी सोल्डर करा. हा बल्ब 5 अँपिअरच्या आसपास करंट खेचतो, त्यामुळे अशक्त जोडावर तो लगेच मंदावतो. 150 रुपयांच्या मीटरपेक्षा हा टेस्ट लॅम्प मला जास्त विश्वासू वाटतो.

आता त्या परतीच्या वाटेकडे. जुन्या गाडीचं वायरिंग नवं होतं तेव्हा बहुधा रंगही नवा झालेला असतो. केबिन उतरवली, पत्रा घासला, प्रायमर, पुट्टी, रंगाचे दोन-तीन हात, वर लॅकर. आता हा रंग उत्तम इन्सुलेटर आहे. कारखान्यातून येताना ज्या बोल्टखाली कोरा पत्रा होता तिथे आता जाड थर आहे. शिवाय केबिन चासीवर रबरी गुट्ट्यांवर बसते आणि रबर वीज नेत नाही. केबिन आणि चासी यांच्यात जी गुंफलेल्या तांब्याची चपटी पट्टी होती, ती उतरवताना भंगारात गेलेली असते, कारण ती मळकट, निरुपयोगी दिसते. त्यात ब्लोअरचं घर फायबर किंवा प्लॅस्टिकचं असलं तर मोटरला पत्र्याचा स्पर्शही नाही. एवढं सगळं असून हेडलाइट का लागतात? कारण त्यांची अर्थ पुढे, चासीच्या जवळ, वेगळी आहे.

अशा गाडीची एक खूण हमखास दिसते. ब्लोअर चालू केला की डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, डिझेलचा नाहीतर पाण्याच्या तापमानाचा काटा हलतो. मोटरच्या करंटला स्वतःची वाट न मिळाल्याने तो शेजारच्या मीटरच्या बारीक अर्थमधून घुसून परत जातो. काटा हलला म्हणजे गेज बदलायचा नसतो.

उपाय कष्टाचा नाही, पण नीट करायला हवा. केबिनच्या आत, ब्लोअरच्या जवळ, जाड पत्र्यावर एक बोल्ट निवडा. त्याभोवती आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून रंग, प्रायमर, गंज सगळं काढा, पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत. वायरीला तांब्याचा लग लावून पक्कडने नव्हे, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. लगच्या खाली दातेरी वॉशर टाका, त्याचे दात पत्र्यात रुततात. घट्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन, आधी नाही. हीच गोष्ट केबिन ते चासी आणि चासी ते इंजिन या दोन पट्ट्यांच्या चारही टोकांना. मग एवढं करून मोटरची अर्थची वायर पत्र्याच्या भरवशावर न सोडता त्या बोल्टपर्यंत वेगळी आणायची. 2.5 चौरस मिलिमीटरची पुरते.

वायरीच्या जाडीबद्दल बोलायलाच हवं, कारण तयार मिळणाऱ्या वायरिंग किटमध्ये सगळीकडे एकाच मापाची वायर असते आणि ती बल्बांच्या हिशेबाची असते. 15 अँपिअर करंट आणि 3 मीटर लांबी धरली, तर 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत 0.3 व्होल्ट खर्च होतात. 1 चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाऊण व्होल्टहून थोडे जास्त, आणि ती वायर 11-12 वॅट उष्णता सोडत राहते. 0.5च्या वायरीत दीड व्होल्ट आणि 23 वॅट. हे 23 वॅट डॅशबोर्डच्या मागे, टेपच्या गुंडाळीत, रेक्झिनला चिकटून. वायर हाताला गरम लागत असेल तर ती बारीक आहे, दुसरा अर्थ नाही.

चावीच्या स्विचचाही यात वाटा असतो. जुन्या गाडीत सगळा करंट त्या एका स्विचच्या आतल्या पितळी पट्टीतून जायचा. नवं वायरिंग करताना ब्लोअरला रिले देऊन टाकलेला बरा: चावी फक्त रिलेची कॉइल ओढेल, मोटरचा करंट बॅटरीहून फ्यूजमार्गे थेट येईल. दोन-चारशे रुपयांत चावीचा स्विच आणखी वीस वर्षं टिकतो.

आता गतींचा घोळ. ब्लोअर फक्त पूर्ण गतीलाच चालतो, एक आणि दोनला मेलेला, असं असेल तर रेझिस्टर उडाला आहे. तारेच्या दोन-तीन गुंडाळ्या असलेली ही पट्टी. पहिल्या गतीला सगळ्या गुंडाळ्या वाटेत येतात, दुसरीला काही, तिसरीला एकही नाही, मोटर थेट. हळू गतीला समजा साडेचार अँपिअर वाहताहेत आणि रेझिस्टरवर 7 व्होल्ट पडताहेत, म्हणजे 30 वॅटच्या वर उष्णता. म्हणूनच कारखाना रेझिस्टर हवेच्या नळीत बसवतो, ब्लोअरचाच वारा त्याला थंड ठेवतो. नवं वायरिंग करणाऱ्याला तो आत का खुपसलाय हे कळत नाही, तो सोयीसाठी बाहेर काढून डॅशखाली टायने लटकवतो. आठवड्याभरात रेझिस्टर लाल होऊन तुटतो, नशीब वाईट असेल तर शेजारची वायर घेऊन. तो परत नळीतच गेला पाहिजे.

उलटी तक्रार अशी की ब्लोअर बंदच होत नाही, किंवा स्विच फिरवताच फ्यूज जातो. इथे एक बारकावा आहे जो बाजारच्या वायरिंग किटच्या नकाशात नसतो. काही गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला असतो, म्हणजे प्लस स्विचमधून मोटरला जातो आणि मोटर पत्र्याला अर्थ. काहींत उलट: मोटरला चावी लावताच प्लस मिळतो आणि स्विच-रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतात, स्विच फक्त परतीची वाट उघडतो-मिटतो. दुसऱ्या प्रकारच्या स्विचचं मधलं टोक अनेकदा त्याच्या पत्र्याच्या घरालाच जोडलेलं असतं. किट बसवणारा सवयीने त्या टोकाला प्लस देतो, आणि तो प्लस सरळ पत्र्यावर. फ्यूज उडणारच. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत पहिल्या प्रकारची मोटर आली, तर चावी लावल्यापासून मोटर कायम फिरत राहते. जुना स्विच टाकून द्यायच्या आधी त्याच्या कोणत्या टोकांत कोणत्या गतीला जोड होतो हे मीटरने पाहून कागदावर लिहून ठेवलं, तर हे दोन्ही प्रकार घडत नाहीत.

फ्यूज उडण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. तत्काळ उडत असेल तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. पाच-दहा मिनिटांनी उडत असेल तर मोटर जड फिरतेय, तिचे बुश कोरडे आहेत. तत्काळ उडणाऱ्यासाठी फ्यूज जाळत बसू नका. मोटरचा कपलर सोडा, फ्यूजच्या जागी तोच हेडलाइटचा बल्ब लावा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब भगभगीत पेटेल. मग एकेक कपलर सोडत चला. ज्याला हात लावताच बल्ब विझतो, त्याच्या पुढे शॉर्ट आहे. बहुतेक वेळा तो फायरवॉलच्या भोकात निघतो, जिथे रबरी ग्रोमेट न घालता वायर पत्र्याच्या धारदार कडेवरून ओढलेली असते. जुन्या मोटरला रेडिओची खरखर दाबण्यासाठी लावलेला छोटा कंडेन्सरही कधी आतून शॉर्ट झालेला असतो. तो काढला तरी मोटरचं काही अडत नाही.

फ्यूज किती अँपिअरचा घालायचा? आजच्या चपट्या फ्यूजमध्ये 15चा निळा, 20चा पिवळा, 30चा हिरवा. 12 व्होल्टच्या ब्लोअरला बहुधा 20चा लागतो, 24 व्होल्टच्या गाडीत त्याच ताकदीच्या मोटरला निम्मा करंट, म्हणून 10 किंवा 15चा. ब्रिटिश कुळातल्या गाडीत मात्र जपून. जुन्या लुकासच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं ते तो कितीला उडेल याचं माप. सतत वाहू देण्याची त्याची ताकद साधारण 17 अँपिअर. तो आकडा वाचून कुणी आजचा 35चा बसवला, तर वायर जळेल आणि फ्यूज बघत बसेल. आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी किंवा तारेचा पीळ घालणं हा प्रकार आपल्याकडच्या रस्त्यांवर अजून सर्रास आहे. त्यावर वेगळं काय लिहायचं!

आता राहिली कमी हवेची तक्रार. मोटर छान फिरतेय, आवाजही पूर्ण गतीचा, पण हवा लागत नाही. पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, मात्र फार कमी. म्हणून ही चूक लवकर ओळखू येत नाही. ज्या मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात तिची प्लस-मायनस अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्ह केली तेव्हा नेमकं हेच होतं. दोन वायरी अदलून पाहा. मात्र मोटरचं एक टोक तिच्या घराला जोडलेलं असेल तर अदलाबदल करताच ते घर प्लस होतं आणि ते पत्र्याला लागलं की पुन्हा शॉर्ट. अशा मोटरला पत्र्यापासून वेगळं बसवावं लागतं. ज्या जुन्या मोटरमध्ये चुंबकाऐवजी फील्ड कॉइल असते ती बाहेरच्या दोन वायरी अदलून उलटत नाही. तिच्यात फील्डची टोकं आत बदलावी लागतात.

व्होल्टेजचाही एक घोळ हवेवर येतो. 24 व्होल्टची मोटर 12वर लावली तर ती साधारण निम्म्या गतीने फिरते, हवाही निम्मी. उलट 6 किंवा 12 व्होल्टची मोटर दुप्पट व्होल्टेजवर लावली तर पहिल्या दिवशी वारा जोरदार लागतो आणि मालक खूश होतो. मग वास येतो.

मोटर थेट बॅटरीवरही फिरली नव्हती, तर ती उघडायची. मागच्या झाकणाचे दोन लांब स्क्रू काढले की आर्मेचर बाहेर येतं. कार्बन पाहा: झिजून आखूड झाले असतील, किंवा त्यांची स्प्रिंग गंजून अडकली असेल, तर कार्बन कम्युटेटरला टेकतच नाही. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलके फिरवून तांबं उघडं करा आणि पट्ट्यांमधल्या बारीक खाचा ब्लेडच्या टोकाने साफ करा. तिथली कार्बनची पूड पट्ट्यांना एकमेकींशी जोडते. पितळी बुशांना मशीनचं पातळ तेल, दोन थेंब, ग्रीस नाही. जास्त तेल कार्बनवर उडतं आणि आठवड्याभरात मोटर परत बसते. आर्मेचरच्या वायंडिंगला जळका वास असेल, लॅकर काळं पडलं असेल, तर रिवायंडिंग होऊ शकतं. अक्कलकोट-सोलापूरकडे पाण्याच्या पंपांचे रिवायंडिंगवाले भरपूर आहेत, पण 12 व्होल्टचं छोटं आर्मेचर हाती घेणारे थोडे, आणि खर्च पाहता दुसऱ्या गाडीची मोटर बसवणं बहुधा स्वस्त पडतं.

तशी मोटर घेताना दुकानातच तिला बॅटरी लावून बघा. व्होल्टेज जुळतं का, प्लस-मायनस बरोबर दिल्यावर दांडा आपल्या पंख्याला हवा त्याच दिशेने फिरतो का, दांड्याची जाडी पंख्याच्या भोकाला बसते का आणि मोटरचा व्यास ब्लोअरच्या घरात मावतो का. जाडीत थोडा फरक असेल तर लेथवरून पितळी बुश करून घेता येतो. दिशा जुळत नसेल, आणि मोटर चुंबकाची असून तिचं कोणतंही टोक घराला जोडलेलं नसेल, तर वायरी अदलून काम भागतं. व्होल्टेज जुळत नसेल तर ती मोटर कितीही स्वस्त असली तरी दुकानातच ठेवून या.